पाण्यात पाहणं

ब्रनोमध्ये, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी
तळघरात उतरणाऱ्या नऊ पायऱ्या आहेत.
खाली माझं दुकान.
चष्म्यावर वाफ धरली
की गिऱ्हाइकाने समजावं, पोचलो.

क्वेता आणि रादोवान फेब्रुवारीत आले,
बुटांना बर्फ, हातात कागद.
कागदावर टाकीचं चित्र : चोपन्न लिटर,
एकीकडे खिडकी, एकीकडे पलंग.
पुढच्या महिन्यापासून एकत्र राहणार होते.
तिच्याकडे एक निळा फायटर, नाव बॅरन.
त्याच्याकडे सात टायगर बार्ब, बिननावाचे.
‘एका टाकीत मावतील ना?’

मावतील, म्हटलं. मावायचं काय,
बादलीतही मावतील.
पण या बॅरनची शेपटी म्हणजे पडद्याची झालर,
आणि बार्बना काही लोंबताना दिसलं
की राहवत नाही.
वाईट नाहीत हो ते.
कुरतडणं ही त्यांची बोलायची पद्धत.
आठवड्यात झालरीचा काथ्या होईल.

रादोवान म्हणाला, ‘सवय होईल हळूहळू.’

हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकते आहे
काउंटरच्या या बाजूने.
त्याआधी चार वर्षं
स्वयंपाकघरात ऐकत होते.

मग रिकाम्या हाताने कसं जायचं
म्हणून दोघं काचांसमोरून फिरले.
ही एंजल? आज नाण्याएवढी आहे, पोरी.
उन्हाळ्यात बशीएवढी होईल,
आणि बारीक निऑन तिला शेवयांसारखे लागतील.
गप्पी? रंगीत शेपटी दिसली की
बॅरनला वाटणार, दुसरा बॅरन आला.
सोनमासा? त्याला गारवा हवा, याला सव्वीस डिग्री;
एकाच खोलीत एकाला पंखा, एकाला स्वेटर.
आणि तो काच चाटणारा प्लेको
दोन वर्षांत हातभर होईल,
मग टाकीत तो आणि तुम्ही बाहेर पाणी धरून उभे.

मी कागद उलटा केला.
‘नळाचं पाणी कसं आहे?’
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
तिच्या किटलीत पांढरा थर बसतो.
तो डोंगराकडचा, त्याच्या किटलीत काही बसत नाही.
‘आणि नवं घर?’
ते त्यांनी अजून विचारलं नव्हतं.

लोक म्हणतात, अमका तमक्याला पाण्यात पाहतो.
मासे बिचारे
दुसरीकडे पाहणार कुठे?

त्या दिवशी त्यांनी नेल्या फक्त
पाणी तपासायच्या पट्ट्या, पंचवीस नग.
पायऱ्यांवर वाद चालू होता,
दार लागल्यावरही ऐकू येत होता.

एप्रिलमध्ये ती एकटीच आली.
मी उगाच जाळं धुवायला घेतलं.
म्हणाली, अजून एक हीटर द्या.
आणि एक स्पंजचा फिल्टर, कमी आवाजाचा.
एक टाकी खिडकीशी, एक दाराशी,
मध्ये कपाट, बॅरनला बार्ब दिसू नयेत म्हणून.
‘आणि तुम्ही दोघं?’
‘आम्ही कपाटाच्या अलीकडे झोपतो.
दोन्ही फिल्टर रात्रभर बुडबुडतात,
एक जरा पुढे, एक जरा मागे.’
‘सवय होईल,’ मी म्हटलं,
आणि जीभ चावली.

मग ती वाकून खालच्या काचेत बघत राहिली,
जिथे कोरी वाळूत मिशा खुपसून
काहीतरी हरवलेलं शोधत असतात.
हे चालतील बॅरनला?
चालतील. तो वर, हे तळाशी,
जेवायच्या वेळी ओळख होईल तेवढीच.
दोन देऊ नका म्हणाली, जोडी नको.
(कुठे शिकली कोण जाणे.)
सहा दिले.
खडी काढून बारीक वाळू टाक,
नाहीतर मिशा झिजतील.

पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळली.
ट्राममध्ये कोटाच्या आत धर.
घरी गेल्यावर दिवा लावू नकोस,
पिशवी तशीच तरंगू दे वीस मिनिटं.
मग थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात ओत.
आधी पाण्याला पाणी भेटू दे.